शेवटून पहिली

मानोरा
२० नोव्हेंबर २०२४

चि. वीरेंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझा डबा मिळाला. किशनने स्टँडवर जीप उभी केली, डबा माझ्या हातात दिला आणि चार माणसांसमोर विचारलं, "ताई, अनारसे हायेत का याच्यात? लय जड हाये." मी हो म्हणाले. घरी येईपर्यंत मला त्या नसलेल्या अनारशांचं वाईट वाटत राहिलं. त्याने एक मागितला असता तर मी काय केलं असतं, हे अजूनही मला सुचलेलं नाही.

फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. तुझा फोन आला की सासूबाई निवडत असलेली भाजी बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "स्पीकर लाव, मले बी आयकू दे." त्यांचा हेतू वाईट नसतो. पण स्कूटीचा विषय मला इतक्यात स्पीकरवर नको आहे. म्हणून डब्यात गेमचं मशीन आणि मशीनखाली चिठ्ठी, ही तुझी पद्धत मला पटली. तू दुकानासाठी मोबाईलचे पार्ट आणायला कारंज्याला जातोस तेव्हा डबा किशनकडे देत जा, मी इकडून तसाच परत पाठवीन.

भाऊबीजेला मी बोलले ते पुन्हा एकदा नीट लिहिते, म्हणजे मलाही नीट कळेल. इतकी वर्षं एकाच अंगणवाडीत सेविका म्हणून काढल्यावर आता मुख्यसेविका व्हायची संधी आली आहे. बी.ए.ची पदवी एकदाची कामाला आली. ऑफिसने जानेवारीअखेर लेखी होकार किंवा नकार मागितला आहे. मुख्यसेविकेला आसपासच्या सगळ्या अंगणवाड्या फिरून बघाव्या लागतात. त्यातल्या निम्म्या तांड्यांवर आहेत आणि तिथं ना एसटी जाते ना जीप. तुझे भाऊजी दिवसभर वावरात असतात, ते मला कुठं कुठं पोचवणार. थोडक्यात, स्कूटी आली तर पद आहे, नाही आली तर नाही. तुझी भाची रंजीता नर्सिंगला अकोल्याला गेल्यापासून तिची स्कूटी ओसरीत चादर पांघरून उभी आहे.

आणि मला हे पद हवं आहे. हे लिहिताना थोडा संकोच होतो, पण खरं आहे. दिवाळी झाली की तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला जातात. मागं म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात आणि नेमकी तेव्हाच तिथल्या अंगणवाडीला कुलूप असतं, कारण बघायला कोणी येत नाही. मी असते तर गेले असते, असं मी दर वर्षी म्हणते. आता नुसतं म्हणून भागणार नाही.

तर स्कूटीआधी हात बसावा म्हणून तू पाठवलेले गेम. पहिला विटांचा उघडला. लहानपणी जत्रेतून आणलेल्या मशीनवर आपण ज्याच्यासाठी भांडायचो, तोच. तेव्हा मला वाटायचं, आपण भिंत बांधतो आहोत. आता खेळताना लक्षात आलं की ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि डोळ्यांसमोर राहतात त्या फक्त आपल्या चुका. घरकामाचंही असंच आहे, झालेलं दिसत नाही, राहिलेलं दिसतं. तरी मी बराच वेळ खेळले. वाईट वाटलं नाही.

मग तू सांगितलेला गाड्यांच्या शर्यतीचा. आठ गाड्या, माझी पिवळी. दुसऱ्या वळणावर निळी गाडी उलटली. मी थांबले. आतल्या माणसाला काही लागलं का ते विचारायचं बटण शोधत होते. तसं बटण नाही. तेवढ्यात बाकीच्या गाड्या निघून गेल्या आणि ती निळीसुद्धा आपोआप सरळ होऊन माझ्या पुढं गेली. मी आठवी आले. शेवटून मोजलं तर पहिली.

स्कूटी बरी आहे.

तुझी
रेणूताई

*

कामरगाव
२८ नोव्हेंबर

ती. रेणूताईस नमस्कार.

तुही चिठ्ठी दुकानात वाचली अन् असा हासलो का समोरचं गिऱ्हाईक मोबाईल उचलून चालतं झालं. त्याले वाटलं, मी त्याच्या फुटक्या स्क्रीनले हासून राह्यलो.

ताई, रेसमधी पडलेल्या गाडीपाशी कोनी थांबत नसते. तो मानूस नाई, चित्र हाये. उद्या तू नाहीशा झालेल्या विटांचं सुतक पाळशीन.

अन् तू लिवलं का 'स्कूटी बरी आहे'. मी तिची तब्येत इचारली नव्हती. तू तिच्यावर बसली का, हे इचारलं होतं. चादर तरी काढली का?

याडीले मी सांगून देल्लं का तुही लेक गाडी शिकून राह्यली. याडीनं मोतीबाई मावशीले सांगतलं. मोतीबाईले सांगतलं म्हंजे दवंडी देल्ल्यासारखंच. आता कामरगावात मले रस्त्यानं लोक इचारतेत, "तुही बहीन कोनती गाडी चालवते?" मी म्हंतो, येईन तवा पाहून घ्या.

या वक्ती बसचा गेम टाकला. नवा हाये, मागच्याच वर्षीचा. याच्यात रेस नाई, कोनाले हरवाचं नाई. आरसे पाहाचे, इंडिकेटर द्याचा, टायमावर मानसं पोचवाची. तुह्या सभावाचा हाये. तुह्यासाठी दोन रात्री खपून मशीनमधी बसवला. हात बसला का स्कूटी काढ. आता हयगय करू नको.

तुहा
वीरेंद्र

*

मानोरा
९ डिसेंबर

चि. वीरेंद्र,

बसचा गेम मला आवडला आणि इतका आवडला म्हणून मी सावध झाले.

शहर परदेशातलं आहे. रस्त्यावर एक जनावर नाही, एक ट्रॉली नाही, रस्त्याच्या कडेला कोणी सोयाबीनचा भुसा पसरलेला नाही. पहिल्यांदा मला वाटलं, गेम पूर्ण बसला नाही. नंतर कळलं की तिथं असंच असतं. मी सगळे आरसे बघून, इंडिकेटर देऊन निघाले. फुटपाथवर एक बाई हात वर करून उभी होती. मी बस थांबवली आणि दार उघडलं. आपल्याकडे हात केलेल्या माणसाला सोडून जीपवालासुद्धा जात नाही, मग बस कशी जाईल. ती बाई आलीच नाही. ती समोरच्या दुकानातल्या कोणाला तरी टाटा करत होती. मी वाट बघितली. मागं गाड्यांची रांग लागली. पुढच्या थांब्यावरची माणसं घड्याळ बघत होती आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की प्रवासी नाराज आहेत.

दुसऱ्या फेरीतही मी तिच्यासाठी थांबले. या वेळी तरी यायचं असेल, असं वाटलं.

तिसऱ्या फेरीत सासूबाई मागं येऊन बसल्या ते मला कळलं नाही.

"हे काय पाहून राह्यली वं?"

"बस आहे."

"कुठची?"

"परदेशातली."

"मंग तू काहून चालवून राह्यली? तेथी डायवर नाई का?"

मी म्हणाले, गेम आहे, वीरेंद्रने पाठवला. त्या रागावतील म्हणून मी मशीन मांडीवर उलटं ठेवलं. त्यांनी ते सरळ केलं आणि चष्मा पुसून आणला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या बाईले घे ना." मी म्हणाले, ती येत नाही. "मंग हात कायले करते," म्हणाल्या आणि उठून गेल्या. संध्याकाळी भाकरी थापताना त्यांनी मला विचारलं की त्या गावात दुसरी बस येते का, नाहीतर ती बाई तिथंच उभी राहील.

आता ज्या कारणासाठी लिहायला बसले ते. मी हे खेळते ते शिकण्यासाठी की टाळण्यासाठी, हे मला सांगता येत नाही. त्या शहरातले सगळे बसमार्ग मला पाठ झाले. दवाखान्याकडून वळताना डावा आरसा कधी बघायचा ते कळतं. झोपेतही वळणं दिसतात. आणि ओसरीतल्या स्कूटीवर मी अजून बसलेले नाही. मशीन हातात घेतलं की वाटतं, तयारी चालू आहे, आणि तयारी चालू असताना कोणी आपल्याला विचारू शकत नाही की झाली का. तू सोडून.

चादर काढली आहे. काल स्कूटी धुतली आणि आरसे पुसले.

रेणूताई

*

कामरगाव
१७ डिसेंबर

ती. रेणूताई,

धुनं म्हंजे चालवनं नाई. तसं असतं तं बैल धुतले का वावर नांगरल्या गेलं असतं.

तुही चिठ्ठी याडीले वाचून दाखवली, स्कूटीचं सोडून. तिले बसचं लय आवडलं. ती म्हने, रेणूले म्हना त्या बाईले एक डाव शिटी मारून पाहा.

ताई, तू एकटी खेळतं, एकटी हारतं, मंग एकटीच इचार करत बसतं. म्हनून या डब्यात दुसरं हँडल अन् टीव्हीले जोडाची वायर देल्ली. दोघं जन एका वक्ती खेळतेत असा रेसचा गेम टाकला. पुढच्याले धक्का मारला तं तो नालीत जाते, असा. भाऊजीले बसव सोबत. लाल वायर लाल भोकात, पिवळी पिवळ्यात, बाकी कायले हात लावू नको.

अन् एक गोष्ट लिवतो. राग आला तं येऊ दे. जानेवारी काई दूर नाई. नाईच जमत असन तं सरळ नकार लिहून दे ना. तुले भेव वाटते म्हनून ते पद थांबून राह्यनार नाई, दुसऱ्या कोन्या बाईले भेटन. ती गाडी चालवत येईन अन् तुह्याच अंगणवाडीत तुहा तपास करन. मंग तिले च्या करून पाज.

वीरेंद्र

*

कामरगाव
१२ जानेवारी २०२५

ती. रेणूताई,

नवं वर्ष लागलं, संक्रांत येऊन ठेपली. तुहा डबा नाई का चिठ्ठी नाई.

मागच्या चिठ्ठीत मी जास्त लिवलं. किशनच्या हाती डबा देल्ला तवाच वाटलं का मांगून घ्यावा, पन जीप सुटली होती. च्या पाजाचं तं मी उगीच लिवलं.

किशनले दर खेपेले इचारतो. तो म्हंते, "ताई स्टँडवर दिसल्याच नाई." तुले फोन लावला तं उचलत नाई. परवा भाऊजीले लावला. ते म्हने, "समदं ठीक हाये गा, मंग बोलतो," अन् त्याइच्या मांगून कोनतरी बाई मोठ्यानं वरडून राह्यली होती, "सोडू नको तिले, धक्का मार, नालीत घाल." तुह्या सासूचा, सोनीबाई मावशीचा आवाज मी वळखतो. अजून बायाइचा बी आवाज होता. मंग तू काईतरी बोलली, रडल्यासारखी, अन् फोन कटला.

ताई, घरात काय चालू हाये? माह्या मशीनपायी तुले कोनी बोललं का? का स्कूटी काढली अन् पडली अन् लपवून राह्यली? खरं लिव. याडीले काईच सांगतलं नाई. ती इचारते तं मी म्हंतो, रेणूताई कामात हाये.

तू म्हनशीन तवा येऊन जाऊ का? दोन मानसं सोबत आनतो. भांडाले नाई, बोलाले.

वीरेंद्र

*

मानोरा
२४ जानेवारी

चि. वीरेंद्र,

माणसं आणू नकोस. फोनवर तू जे ऐकलंस त्यात नालीत घालायची ती मीच होते, पण पडद्यावरची.

तुझं दुसरं हँडल आलं त्या दिवशी तुझे भाऊजी आणि मी बसलो. त्यांनी मला तीनदा हरवलं आणि वावरात निघून गेले, कारण हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. हँडल रिकामं बघून सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे, कसं धरतेत ते दाखव." मी त्यांना बटणं सांगितली. ब्रेकचं बटण त्यांनी ऐकून घेतलं आणि आजपर्यंत एकदाही वापरलेलं नाही. वीरेंद्र, त्या फार भयंकर खेळतात. पडलेल्या गाडीपाशी थांबायचं त्यांच्या मनातही येत नाही. उलट मागं वळून बघतात, नीट पडली ना.

मग शेजारच्या पंचफुला वहिनी आल्या, मग त्यांच्या जाऊबाई. दुपारी कामं आटोपली की गल्लीतल्या बाया आमच्या बैठकीत. जी हरेल तिने उठायचं आणि जी जिंकेल तिने बसून राहायचं, असं ठरलं. सासूबाई बसूनच आहेत. डबा परत का आला नाही ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. मशीन मागायची माझी हिंमत नाही. फोन न उचलल्याचा दोष मात्र माझा. आधी तुझ्या चिठ्ठीचा राग आला होता, मग राग गेला आणि काय उत्तर द्यावं हे सुचेना. ती दुसरी बाई चहा पिताना मला खरंच डोळ्यांसमोर दिसली होती. तिने तिची स्कूटी माझ्याच अंगणवाडीच्या दारात लावली होती.

त्या फोनच्या वेळी मी सासूबाईंशी खेळत होते. शेवटच्या वळणापर्यंत मी पुढं होते. तेवढ्यात त्यांनी मागून येऊन मला नालीत घातलं आणि माझी गाडी चाकं वर करून तशीच फिरत राहिली. पंचफुला वहिनी हसून हसून खाली बसल्या. जाऊबाई म्हणाल्या, "मास्तरीन बाई, उलट्या गाडीनं शाळेत जाता का?" सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मी वाट बघत होते. कोणी हसलं की माझे कान गरम होतात, आवाज चिरकतो आणि ते दिवसभर पुरतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तसं काही झालं नाही. मी इतकी हसत होते की मला बोलता येईना. तू जे रडणं ऐकलंस ते हेच.

त्यानंतर मी दोन दिवस विचार केला. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की मला पडायची भीती वाटते. ते खरं नसावं. मी विहिरीत उतरले आहे, बैलाच्या लाथेतून पोर ओढून काढलं आहे. मला भीती वाटत होती ती पडताना कोणी बघेल याची. मुख्यसेविका होऊ पाहणारी बी.ए. झालेली बाई स्टँडसमोर आडवी पडली आहे आणि लोक बघत आहेत, हे चित्र. हा शोध खरा आहे की मला सोयीचा म्हणून सुचला, याची मला अजून खात्री नाही. पण तपासून बघण्याचा एक मार्ग होता. पडून बघायचं, आणि सगळ्यांसमोर.

म्हणून गेल्या रविवारी मी स्कूटी शाळेच्या मैदानावर नेली. चालवत नाही, ढकलत. मुद्दाम भरदुपारी, पोरं क्रिकेट खेळत असताना. सासूबाई आणि पंचफुला वहिनी कट्ट्यावर बसल्या. तुझे भाऊजी मागं धरून धावत होते. एका फेरीनंतर त्यांना दम लागला आणि त्यांनी सोडलं, पण मला सांगितलं नाही. मी अर्धं मैदान एकटी गेले आणि वळायच्या जागी जाऊन स्टंपांवर पडले. गुडघा खरचटला. पोरं म्हणाली, "काकू औट." सासूबाई कट्ट्यावरून म्हणाल्या, "आता बटन दाबू नको, आपोआप सरळ होत नसते ते. उठ." मी उठले. तेव्हापासून रोज जाते. आता पडत नाही असं नाही, पण वळता येतं.

खेळाचा उपयोग झाला का, असं तू विचारशील. खरं सांगायचं तर गाडी चालवायला शून्य. स्कूटीला वजन असतं, हे कुठल्याच गेममध्ये नाही. रस्त्यावरचा खडा हँडलमध्ये कळतो, तेही नाही. पण तुझ्या आठ गाड्यांच्या शर्यतीत मी इतक्या वेळा आठवी आले आहे की आता आठवं येणं मला जागेवर बसल्यासारखं वाटतं.

काल ऑफिसला गेले. होकाराच्या कागदावर नुसतं 'मान्य' लिहायचं होतं. मी पेन धरून बसून राहिले. मैदानावर वळता येतं म्हणून तांड्यावर जाता येतं असं नाही आणि तसं भासवून पद घेणं मला पटेना. म्हणून 'मान्य' लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली, 'मला दुचाकी अद्याप सफाईने चालवता येत नाही. सराव सुरू आहे.' मोहनसिंग बाबूंनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाले कोनी इचारलं होतं?" मी म्हणाले, कोणी नाही. ते म्हणाले, "आधीच्या मॅडम रिटायर होईपर्यंत चालवत नव्हत्या, त्याइनं काईच नव्हतं लिवलं." आणि शिक्का मारला.

रुजू व्हायचं फेब्रुवारीत. याडीला आता सांग.

रेणूताई

*

कामरगाव
३० जानेवारी

ती. रेणूताई,

चिठ्ठी दुकानात उभ्यानं वाचली, मंग शटर अर्धं ओढून परत वाचली.

याडीले सांगतलं. तिनं मोतीबाईले बोलावलं अन् मले म्हने, परत सांग. मी परत सांगतलं. मोतीबाई म्हने, "आपल्याले तं दोन महिन्यापासूनच मालूम हाये का रेणू गाडी चालवते, आता त्यात नवीन काय?"

सरकारी कागदावर असं लिवनारी तूच. मले वाटलं, आता हे कागद नागपुराले जाईन, तेथून मुंबईले, अन् तेथी कोनी मोठा साहेब वाचून इचारन, सराव कुठवर आला.

मशीन राहू दे सोनीबाई मावशीकडे. मी दुसरं जुनं खोलून ठेवलं हाये, दुरुस्त करून घेतो. त्याइले माहा एक निरोप दे. ब्रेकचं बटन डाव्या अंगठ्याखाली असते.

अन् ताई, पहिल्या दिवशी गेली का लिव. चांगलं झालं तरी अन् नाई झालं तरी. या वक्ती महिनाभर वाट पाहाले लावू नको.

तुहा
वीरेंद्र

*

मानोरा
१२ फेब्रुवारी

चि. वीरेंद्र,

गेले. आज पहिला तांडा. आत्ताच परत आले, पाय धुतले आणि लिहायला बसले, कारण उद्या लिहिलं तर मी ते बरं दिसेल असं लिहीन.

सकाळी सासूबाईंनी निरोप ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "वीरेंद्रले म्हना, हे ब्रेक मारनाऱ्याले सांगजो, मले नाई." मग माझ्या पिशवीत भाकरी-ठेचा घातला आणि दारात उभ्या राहिल्या. मी निघाले. डांबरी रस्ता संपेपर्यंत मी इतकी हळू गेले की एक सायकलवाला माझ्या बाजूने गप्पा मारत आला. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठीच हळू चालवते आहे. पुढं कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना तुरीची खोडं. ज्या चढाची मला भीती होती तो आला आणि गेला. मला तो संपल्यावर कळला.

तांड्यावर अंगणवाडीला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर नानीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई तीन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. लेक-सून ऊसतोडीला कोल्हापूरकडे. मी विचारलं, अंगणवाडी केव्हा उघडते? त्या म्हणाल्या, "कोनी येनार असन तं उघडते."

"मी आले आहे."

"तू कोन?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्कूटीकडे. "एकटीच आली?" मी हो म्हणाले. त्यांनी मोठ्या नातीला सेविकेकडे पिटाळलं. सेविका धावत आली, ओल्या हातांनी कुलूप काढलं, घाबरली होती बिचारी. मी तिला काही बोलले नाही. मीही सेविका होते, कोणी बघायला न येण्याचा आळस मला माहीत आहे. आम्ही दोघींनी झाडून काढलं, डाळ-तांदूळ पाखडले, खिचडी शिजवली. वासाने पोरं जमली. वजनकाटा पोत्याखालून काढला आणि एकेकाचं वजन केलं. दोन पोरांचं वजन मला आवडलं नाही. ती दोन्ही नावं मी तुला सांगत नाही, पण ती माझ्या डोक्यात आहेत. निघताना नानीबाईंनी विचारलं, "परत येशीन, का झालं तुहं?"

मी म्हणाले, येते.

परतीच्या वाटेवर कच्चा रस्ता संपायच्या आत मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. मी स्कूटी ढकलत निघाले. बऱ्याच वेळाने कापसाची गाठोडी भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली आली. ट्रॅक्टरवाल्याने आणि त्याच्या सोबत्याने स्कूटी उचलून कापसावर टाकली. पुढं बसायला जागा नव्हती, म्हणून मीही वर, स्कूटीशेजारी, तिचं हँडल धरून. अशी मी मानोऱ्यात आले. बाजाराचा दिवस. ट्रॅक्टर स्टँडवरून, सगळ्या गर्दीतून, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. मी उंचावर. पिशवी मांडीवर.

किशन जीपच्या टपावर सामान बांधत होता, म्हणजे आम्ही दोघं एकाच उंचीवर आलो. तो म्हणाला, "ताई, गाडीनं तुम्हाले आनलं का तुम्ही गाडीले?" सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला. मोहनसिंग बाबूही पानटपरीपाशी उभे होते. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "मॅडम, सराव कसा चालू हाये?"

"जाताना चांगला झाला," मी म्हणाले. "येताना असा."

लोक हसले. मीही हसले आणि माझे कान थंड होते. मी हात लावून पाहिला.

पंक्चरवाल्याने चाक खोललं. हातात बरीच कामं होती त्याच्या. म्हणाला, "ताई, परवा नेली तं चालन ना? तुम्हाले कुठं रोज जाचं हाये."

मी म्हणाले, आजच दे. उद्या सकाळी मला तिथंच परत जायचंय, न सांगता. कुलूप उघडलेलं असतं का, ते बघायचंय.

रेणूताई